मानधनात मणका धरलेला नाही

दिवाळी पहाटेच्या निमंत्रणपत्रिकेत सगळ्यांना जागा मिळते. मुख्य प्रायोजकाला मिळते, सहप्रायोजकाला मिळते, फराळाचं सौजन्य दाखवणाऱ्या मसालेवाल्यांना मिळते, आकाशकंदील टांगून देणाऱ्या मंडपवाल्यालाही मिळते. गायिकेचा फोटो असतो, तो दहा वर्षांपूर्वीचा. नगरसेवकांचा असतो, तो कालचा. आणि अगदी तळाला, क्यूआर कोडला धक्का लागणार नाही अशा बेताने, बारीक टायपात 'साथसंगत' म्हणून दोन नावं असतात. त्यातलं एक चुकलेलं असतं.

चुकलेलं नाव तबलेवाल्याचं. त्याला त्याचं काही वाटत नाही, सवय झाली आहे. त्याचं दुखणं कंबरेच्या वरच्या दोन मणक्यांत आहे.

आदल्या रात्री ठाण्यात 'दिवाळी सांज' असते. ती अकराला संपते, म्हणजे साडेअकराला. मग सत्कार. मग 'घरचंच आहे हो, बसा' या आग्रहाखातर बारा वाजता पुरीभाजी. झोप झाली तर दोन तास, कारण चारला डोंबिवलीच्या बागेत साउंडचेक. खांद्यावर थैली. थैलीत पितळी डग्गा, एक तबला पांढरी एकचा, एक काळी चारचा (गायक दोन, पट्ट्या दोन), चुंबळी, हातोडी, पावडरचा डबा. बागेच्या फाटकापासून स्टेजपर्यंत थैली कोण नेतं? ज्याची असते तो. स्वयंसेवक आहेत, भरपूर आहेत, एकसारखे कुर्ते घालून आहेत. ते गायिकेची पर्स धरून आहेत.

दव पडलेलं असतं. पुडी ओल धरते, सूर उतरतो, मग गट्टे ठोकत बसायचं. बोटं गारठलेली. दीपप्रज्वलन साडेपाचला, म्हणजे सहाला, कारण पाहुण्यांच्या घरी अभ्यंगस्नान लांबलं. पुढे भूपाळीपासून भैरवीपर्यंत अडीच तास मांडी. प्लायवूडवर पातळ गादी, गादीवर पांढरी चादर, मागे टेकायला हवा. भैरवी संपली की रसिक चिवड्याकडे वळतात आणि हा पेटीवाल्याचा खांदा धरून उठतो, कारण डावा पाय कधीचाच बधिर झालेला. मग रिक्षा. कल्याणला दुसरी पहाट आहे, नऊ वाजताची. नऊ वाजता पहाट कशी, हे विचारायचं नाही. त्या सोसायटीत उशिरा उजाडतं.

आता क्रिकेटचं बघा. जसप्रीत बुमराहने किती षटकं टाकावीत याचा हिशेब ठेवायला माणसं नेमलेली आहेत. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात पाच कसोटी होत्या, तो तीनच खेळणार हे आधीच ठरलं होतं आणि तो तीनच खेळला. देशभर चर्चा झाली, पण पाठ त्याची आहे हे सगळ्यांनी मान्य केलं. तबल्यावर मिनिटाला तीनशे मात्रांची लय धरली आणि मात्रेला दोनच बोल धरले, तरी मिनिटाला सहाशे आघात होतात. हे कोण मोजतं? एखाद्या तबलेवाल्याने उद्या फोनवर सांगून बघावं की 'पाचपैकी तीन पहाट वाजवीन, वर्कलोड आहे.' समोरचे सेक्रेटरी अतिशय नम्रपणे म्हणतील, "काही हरकत नाही दादा, तब्येत सांभाळा." आणि पाचही पहाटा दुसऱ्याला देतील. पुढच्या वर्षीच्यासुद्धा.

दुसरा मिळाला नाही तर पेनड्राइव्ह आहेच. कराओके ट्रॅकला मांडी घालावी लागत नाही, चहा लागत नाही, पार्किंग लागत नाही. शिवाय तो नाव चुकलं म्हणून मनातल्या मनातसुद्धा कुरकुरत नाही.

डॉक्टर या सगळ्यावर एकच औषध देतात: थांबा. "सहा आठवडे वाजवू नका." हा म्हणतो, "सीझन झाला की थांबतो साहेब." सीझन झाल्यावर थांबावं लागतंच. त्याला विश्रांती म्हणत नाहीत, बेकारी म्हणतात. आणि बेकारीत फिजिओथेरपिस्ट परवडत नाही, हा भाग डॉक्टरांच्या कागदावर नसतो.

*

हे सगळं आपल्याला दिसत नाही असं नाही. दिसतं, आणि आवडतं.

कलावंताचं दुखणं आपल्या समाजात फार लोकप्रिय आहे. चाळीस दिवस कोंडून घेऊन चिल्ला केला, बोटांतून रक्त आलं तरी थांबले नाहीत, ही गोष्ट सांगताना आपला आवाज भरून येतो. बोटं आपली नसतात म्हणून. अमेरिकेचे थोर पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचीही अशीच गोष्ट आहे, फक्त तिचा पुढचा भाग आपण ऐकत नाही. 1960 च्या दशकात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप तळव्याकडे वळायला लागली. हात जसजसा बिघडला तसतसा त्यांनी सराव वाढवला. हाताने वाजवायचंच सोडलं. मेंदू आणि बोटं यांच्यातला हा बिघाड होता, फोकल डिस्टोनिया म्हणतात त्याला, आणि तो जिद्दीला भीक घालत नाही. फ्लायशर पुढची तीसएक वर्षं मुख्यतः एकट्या डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत, शिकवत आणि वाद्यवृंद चालवत राहिले. 1990 च्या दशकात आराम पडला तो बोटॉक्सने, म्हणजे नट्या सुरकुत्यांवर घेतात त्याच इंजेक्शनने. दोन्ही हातांची त्यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा आली 2004 साली. आमच्या एखाद्या क्लासमधल्या मुलाने मनगट दुखतंय म्हणून सांगितलं तर त्याला आजही उत्तर मिळतं: रियाज कमी पडतोय.

कुमार गंधर्वांचं तर आपण फारच सोपं करून टाकलंय. 'एका फुप्फुसावर गायले' एवढं म्हटलं की व्याख्यान रंगतं. मधलं व्याख्याते गाळतात. ऐन पंचविशीच्या आगेमागे क्षय झाला, देवासला अंथरुणावर पडून पाचएक वर्षं गाणं बंद, गाऊ नका ही डॉक्टरांची सक्त ताकीद, भानुमतीताईंची रात्रंदिवस शुश्रूषा, आणि स्ट्रेप्टोमायसिन, जे तेव्हा अगदी नवं औषध होतं. म्हणजे निदान, औषध, विश्रांती आणि सांभाळणारं माणूस. हे सगळं जमून आलं तेव्हा माळव्याची लोकगीतं कानांवर पडली त्याचं सोनं झालं. आपण मात्र क्षयालाच गुरू करून ठेवलंय. पाच वर्षं कुणी गप्प बसलं तर आज त्याला यूट्यूबचा अल्गोरिदमही ओळख देणार नाही, हे आणि वेगळंच.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तर लहान मुलांनाही माहीत असते. दिवस भरलेले, वग रंगात आलेला, कळा सुरू झाल्या, कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. केवढी ही कलेवरची निष्ठा! सभागृहात टाळ्या. नऊ महिन्यांच्या गरोदर बाईला फडावर उभं राहावं लागतं ही निष्ठा की सुपारी, एवढं विचारायला कुणी हात वर करत नाही. तमाशाच्या फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि यात्रा-जत्रांचा हंगाम संपला की आटपतं. पोट बारा महिन्यांचं. विठाबाईंना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, शेवटचे दिवस हलाखीत गेले, 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या आणि नंतर सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. तमाशात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा हा पुरस्कार अजून जाहीर व्हायचाय.

*

गळ्याकडे येऊ. गळा हा एकच अवयव असा, की ज्याच्यावर संबंध महाराष्ट्राला अधिकार आहे. गायिका दिसली की तिला सल्ला मिळतो. ज्येष्ठमध ठेवा तोंडात. दही बंद करा. कोमट पाणी प्या. लवंग भाजून घ्या. ऊन-ऊन काढा देऊ का? सल्ला देणाऱ्याच्या हातात त्या वेळी तिच्यासाठी आणलेली आइस्क्रीमची वाटी असते.

आता जरा हिशेब. काळी चार पट्टीत गाणाऱ्या बाईने तार षड्ज लावला की तिचे स्वरतंतू सेकंदाला चारशेहून जास्त वेळा एकमेकांना भिडतात. 'वन्स मोअर' हा सेकंदाचा मामला नसतो. अशा तंतूंना काय लागतं? पाणी, झोप, आणि पोटातलं आम्ल पोटातच राहील अशी व्यवस्था. तिन्हींचा बंदोबस्त आपण केलेला आहे. पाण्याची बाटली निवेदकाजवळ असते. झोपेचं वर सांगितलंच. आणि रात्री बाराची पुरीभाजी खाऊन लगेच गाडीत आडवं झालं की आम्ल वर येतं, घशाशी जळजळतं, सकाळी आवाज जड. कान-नाक-घशाचे डॉक्टर गायकांना घसा खवखवण्याचं कारण म्हणून हे सारखं सांगत असतात. पण दह्याला दोष देणं सोपं, यजमानांच्या पुरीला कसा देणार?

आवाज बसला म्हणून ती कुजबुजत बोलली तर लोक तेवढ्यात कौतुक करतात, 'गळा किती जपते बघ.' जोर लावून कुजबुजण्यानेही तंतूंवर ताण येतोच. जपायचा तर गप्पच बसायला हवं. कार्यक्रमानंतर सेल्फीच्या रांगेत पाऊण तास गप्प बसून दाखवा. दुसऱ्या दिवशी 'फार शिष्ट आहे हो' ही समीक्षा छापून येण्याआधीच व्हॉट्सॲपवर फिरते.

ज्येष्ठ कलाकारांनी गुडघ्यांमुळे हल्ली खुर्ची किंवा बुटका चौरंग घेतला तर पहिल्या रांगेत कुजबुज होते, 'बैठक गेली.' पहिली रांग सोफ्यावर बसलेली असते.

*

बँडवाल्यांना तर निमंत्रणपत्रिकेत बारीक टाइपही नाही. मे महिन्यात जळगावात, सूर्य डोक्यावर, अंगात जरीच्या झालरींचा जाड लाल कोट, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि तोंडाला ट्रम्पेट. वरात चौकात अडकते, नाचणाऱ्यांना थंड पाण्याच्या बाटल्या फिरतात, ट्रम्पेटवाल्याच्या डोक्यावरून फिरतात. त्याचं जेवण शेवटच्या पंगतीला, जिलबी संपल्यावर.

आणि कान! मागे डीजेची भिंत, पुढे ताशे, मध्ये हा. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. ते पाळले जातात की नाही यावर दर भाद्रपदात वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण त्या वादात एक बाजू म्हणते आजीला त्रास होतो, दुसरी म्हणते परंपरा आहे. ज्याच्या कानापासून ताशा हातभर अंतरावर आहे तो कुठल्याच बाजूला नाही. कारखान्यातल्या कामगाराला आवाजाची मर्यादा कायद्याने घालून दिलेली आहे. बँडची गाडी कारखान्यात मोडत नाही आणि चौक शॉप फ्लोअरमध्ये येत नाही.

अमेरिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेने कामगारांसाठी एक साधा हिशेब मांडून ठेवलाय: 85 डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास चालतील. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. ढोल-ताशाच्या ऐन मध्यात शंभर कधीच मागे पडलेले असतात. पुण्याची विसर्जन मिरवणूक पंधरा मिनिटांत अलका चौकात पोचल्याचं ऐकिवात नाही. चोवीस तास उलटून जातात.

कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. आधी कानात शिट्टी वाजत राहते, मग वरचे सूर पुसट होतात, मग घरचे म्हणतात, 'मुद्दाम ऐकत नाहीत.' औषधाच्या दुकानात फोमचे बोळे चार पैशांत मिळतात. ते वरचे सूर जास्त दाबतात म्हणून कलाकारांना आवडत नाहीत, हे खरं आहे. सगळे सूर सारख्या प्रमाणात कमी करणारे खास बोळेही असतात. ते घातलेला एखादा तरुण दिसला की सहकारी त्याला विचारतात, "काय रे, आमचं वाजवणं ऐकवत नाही का?"

*

मनाबद्दल दोनच शब्द लिहीन, कारण मनाबद्दल हल्ली सगळेच लिहितात.

ब्रिटनमध्ये संगीतक्षेत्रातल्या लोकांसाठी काम करणारी हेल्प म्युझिशियन्स नावाची संस्था आहे. 2016 साली तिच्यासाठी वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहणी केली. 2,211 जणांनी उत्तरं दिली. 71 टक्क्यांनी सांगितलं की घबराटीचे झटके किंवा मोठ्या चिंतेचा त्रास झालाय, 68 टक्क्यांहून अधिक जणांनी नैराश्य सांगितलं. उत्तर देणारे आपणहून पुढे आलेले होते, त्यामुळे आकडा जरा हात राखून घ्यावा. पण त्यांनी कारण काय सांगितलं ते बघण्यासारखं आहे. गाण्या-वाजवण्याने बरं वाटतं. त्यावर पोट भरायला गेलं की आजारी पडायला होतं.

आपल्याकडे हे उलटं करून सांगतात. कलावंत मुळातच हळवा, विक्षिप्त, जरा 'घेणारा'. म्हणून तर गाणं रंगतं. घेतल्याशिवाय बुवांचा सूर लागत नसे, हे कौतुकाने सांगणाऱ्या रसिकाच्या घरी बुवांची बायको कधी राहिलेली नसते. रात्री हजार माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात आणि दीड तासाने शेवटच्या कर्जत लोकलमध्ये थैली मांडीवर घेऊन बसावं, पाकीट 'सोमवारी ट्रान्सफर करतो दादा' यावर अडकलेलं असावं, आणि त्याच वेळी मोबाइलवर वर्गातल्या मित्राची न्यू जर्सीच्या दौऱ्याची रील यावी. याला हळवेपणा कशाला लागतो? एखाद्या टॅक्स कन्सल्टंटलाही रडू येईल.

सरकारने 2022 पासून टेली-मानस ही हेल्पलाइन चालू केली आहे, 14416. फुकट आहे, मराठीतही बोलतात. नंबर खरोखर जवळ ठेवावा. थकलेल्या पाकिटांसाठी मात्र अजून हेल्पलाइन निघालेली नाही, आणि निम्म्या चिंतेचा उगम तिथे आहे.

वसंतराव देशपांड्यांनी कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब कचेरीत नोकरी केली, तेव्हा त्या नोकरीने गाणं अडवलं म्हणून आपण हळहळतो. हळहळावंच. पण महिन्याच्या महिन्याला पगार, आजारपणाची रजा आणि पुढे पेन्शन हे तिन्ही कुठल्या घराण्यात मिळतात ते सांगा, मी माझ्या भाच्याला त्या घराण्यात गंडा बांधायला नेतो.

म्हातारपणी सरकार आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना राज्य शासनाचं मानधन मिळतं. पूर्वी त्यात वर्ग होते: राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला महिना 3,150 रुपये, राज्य पातळीच्याला 2,700, जिल्हा पातळीच्याला 2,250. म्हणजे गुडघा राष्ट्रीय असेल तर 450 रुपयांचं तेल जास्त. 2024 पासून सरसकट पाच हजार केले, हे बरं झालं. एमआरआय एकदा काढला की महिना संपला.

तोवर सत्कार आहेतच. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. स्मृतिचिन्ह दरवर्षी जडच होत चाललंय, यंदा काळा ग्रॅनाइट होता. खांदा आखडलेल्या सतारियाला ते दोन्ही हातांनी छातीशी धरून फोटोला उभं करतात आणि म्हणतात, 'जरा वर घ्या, लोगो दिसत नाहीये.'

पुढच्या पहाटेची पत्रिका छपाईला जाईल तेव्हा समितीला माझी एक सूचना आहे. मुख्य प्रायोजक, सहप्रायोजक, फराळ-सौजन्य, तसं आणखी एक सौजन्य छापा: साथीदारांची पाठ. दोन टेकू, एक जाड गादी, थैली उचलायला एक कुर्तेवाला आणि पाकीट कार्यक्रमाआधी. खर्च स्मृतिचिन्हाइतकाच येईल. पत्रिकेत जागा नाही म्हणाल, तर मसालेवाल्यांची मिरची जरा बारीक करा.